कष्टाचा शीण आणि औषधी तेलें

शेतकऱ्याच्या अवजारांत पहिलें अवजार म्हणजे त्याचें स्वतःचें शरीर होय. नांगराचा फाळ झिजला किंवा विळ्याची धार गेली तर लोहाराकडे जातां येतें. परंतु कंबर धरली, खांदा भरला, किंवा गुडघा वांकेनासा झाला तर ऐन हंगामांत काम अडून राहतें. प्रत्येक कामाची दुखण्याची जागा ठरलेली आहे. भाताच्या लावणीला दिवसभर वांकून कंबर भरते. निंदणीस उकिडवें बसून गुडघे आंखडतात. ऊसतोडीला मोळी वाहून मान व खांदे दुखतात. पाठीवरच्या फवारणी पंपांत १६ लिटर पाणी म्हणजे १६ किलो ओझें, त्यावर पंपाचें वजन निराळें. त्याचे पट्टे खांद्यांत रुततात. अशा दुखण्यावर आपल्याकडे पूर्वापार उपाय म्हणजे तेल लावून अंग रगडणें व गरम पाण्यानें न्हाणें. हा उपाय चांगला आहे, स्वस्त आहे, आणि बांधावरच्या झाडपाल्यांतून घरींच करतां येण्यासारखा आहे.

परंतु याविषयीं दोन टोकाचीं मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, तेलानें कांहीं होत नाहीं, तो मनाचा समज आहे. दुसरा म्हणतो, अमुक तेल लावा, वात, संधिवात, लकवा, सर्व जातें. हीं दोन्हीं मतें चुकीचीं आहेत. तेल कष्टाचा शीण घालवितें. रोग घालवीत नाहीं. हा भेद ज्यास कळला त्यास तेलापासून लाभ आहे. ज्यास कळला नाहीं त्याचे औषधोपचाराचे मोलाचे दिवस तेल चोळण्यांत निघून जातात, आणि कधीं कधीं त्याची किंमत जिवानें मोजावी लागते. म्हणून तेल कसें करावें, कसें लावावें, आणि कोणत्या दुखण्यास लावूं नये, या तिन्ही गोष्टी येथें क्रमानें सांगतों.

शीण म्हणजे काय?

फार दिवसांनीं जड काम केलें म्हणजे त्या दिवशीं अंग फारसें दुखत नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीं मात्र उठवत नाहीं, हा अनुभव सर्वांस आहे. स्नायूंत आम्ल सांठल्यामुळें असें होतें, असें पुष्कळ दिवस समजलें जात असे. परंतु तें आम्ल काम थांबल्यावर तासाभराच्या आंतबाहेर रक्तांतून निघून जातें, असें आतां सिद्ध झालें आहे. खरें कारण हें कीं, संवय नसलेल्या कामानें स्नायूंच्या तंतूंस बारीक इजा होते, आणि ती भरून येतांना तेथें थोडी सूज व ठणका असतो. हें दुखणें बहुधा एक ते तीन दिवसांत चढतें व आठवड्याच्या आंत आपोआप उतरतें. स्नायु त्या कामास सरावले म्हणजे तेंच काम पुढें तितकें जड जात नाहीं. लावणीच्या पहिल्या दोन दिवसांत कंबर मोडते आणि पुढें मोडत नाहीं, त्याचें कारण हेंच.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, शीण हा रोग नव्हे. तो स्वभावतःच बरा होणारा आहे, आणि तेलानें आपण त्यास मदत मात्र करतों. दुसरी ही कीं, जें दुखणें आठवड्यानें उतरत नाहीं, किंवा ज्याच्या जोडीला ताप, सूज अथवा बधिरपणा आहे, त्यास शीण समजूं नये.

तेल काय करितें?

तेलाच्या गुणांत तीन वांटे आहेत. पहिला व सर्वांत मोठा वांटा हाताचा. चोळल्यानें आंखडलेला स्नायु सैल पडतो, त्या जागीं रक्त अधिक खेळतें, आणि वेदना कमी जाणवते. तेल नसेल तर कातडी ओढली जाऊन चोळणें नकोसें होतें; तेलानें हात सरकतो. दुसरा वांटा उष्णतेचा. कोमट तेल, शेक व गरम पाणी यांनीं ताठलेलें अंग मोकळें होतें. तिसरा वांटा औषधीचा. कापूर, गंधपुरा यांसारख्या द्रव्यांनीं कातडीवर गरमपणा किंवा थंडावा भासतो, व त्या जाणिवेखालीं आंतील दुखणें दबतें. निर्गुंडीच्या पानांत सूज उतरविणारीं द्रव्यें आहेत असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसलें आहे; परंतु माणसांवर मोठे व काटेकोर प्रयोग थोडेच झालेले आहेत. म्हणून औषधीचा वांटा आहे, पण तो तिसरा आहे, हें विसरूं नये. महाग बाटली घेऊन ती घाईनें पुसून टाकण्यापेक्षां साधें तिळाचें तेल पाव तास नीट चोळणें अधिक गुणकारी.

कोणतें तेल घ्यावें?

आयुर्वेदांत अभ्यंगास तिळाचें तेल श्रेष्ठ मानलें आहे. तें फार दाट नाहीं, फार पातळ नाहीं, व लवकर खवटत नाहीं. म्हणून औषधी तेलास मूळ म्हणून तेंच घ्यावें. एरंडेल दाट व चिकट असतें. तें गुडघ्यावर किंवा कंबरेवर लावून वर एरंडाचें पान गरम करून बांधल्यास ऊब फार वेळ टिकते. सर्वांगास लावण्यास मात्र तें सोईचें नाहीं. करंजेल उग्र वासाचें व कडू असून तें मुख्यतः कातडीच्या विकारांवर वापरतात. कोंकणच्या किनाऱ्यावर उंडीच्या बियांचें तेल सांधेदुखीवर चोळतात. गडचिरोली, मेळघाट या भागांत मोहाच्या बियांचें तेल मिळतें. थंडींत तें थिजतें, म्हणून कोमट करून घ्यावें लागतें. करंज व उंडी यांचीं तेलें खाण्याचीं नव्हत. तीं स्वयंपाकघरांत ठेवूं नयेत.

निर्गुंडीचें तेल करण्याची रीत

निर्गुंडी, जिला कित्येक ठिकाणीं निगडी म्हणतात, ती ओढ्याच्या कांठीं व कुंपणाला आपोआप वाढते. एका देठावर बहुधा पांच, क्वचित् तीन पानें. पानाची वरची बाजू हिरवी, खालची पांढरट. फुलें निळसर जांभळीं. व पान चुरडलें असतां उग्र वास. ही तिची ओळख. जनावरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून ती बांधावर कुंपणास लावण्याजोगी आहे.

तेल सिद्ध करण्याचा नियम शार्ङ्गधर संहितेंत सांगितला आहे. सामान्यतः कल्क म्हणजे वाटलेली औषधी एक भाग, तेल चार भाग, व पाणी किंवा काढा सोळा भाग, असें प्रमाण असतें. पाण्याऐवजीं काढा घेतल्यास कल्क तेलाच्या सहाव्या हिश्शानें घ्यावा, असाहि नियम आहे. त्या हिशेबानें घरापुरतें माप असें :

निर्गुंडीचीं ताजीं पानें १ किलो घेऊन धुवावीं, जाडसर कुटावीं, व ८ लिटर पाण्यांत मंद आंचेवर उकळावीं. पाणी आटून २ लिटर राहिलें म्हणजे काढा गाळून घ्यावा. निर्गुंडीचींच आणखी ८० ग्रॅम पानें पाट्यावर बारीक वाटून कल्क करावा. मग रुंद तोंडाच्या कढईंत तिळाचें तेल अर्धा लिटर, हा कल्क व काढा एकत्र करून मंद विस्तवावर ठेवावें. कढई निम्म्याहून अधिक भरूं नये, कारण शेवटीं तेल फेसाळून वर येतें. कल्क तळाशीं लागूं नये म्हणून लांब दांड्याच्या लांकडी उलथण्यानें वरचेवर ढवळावें. हें काम कांहीं तासांचें आहे; घाई करूं नये. एका दिवसांत न उरकल्यास विस्तव काढून दुसऱ्या दिवशीं पुढें चालवावें.

तेल झालें हें कसें ओळखावें? याच्या तीन खुणा आहेत. कल्क चिमटींत घेऊन वळला असतां त्याची वात झाली पाहिजे. ती वात विस्तवावर धरली असतां तडतड आवाज होतां कामा नये. आणि तेलावर फेस आला पाहिजे. यांतील कारण समजून घेतलें म्हणजे चूक होत नाहीं. कढईंत पाणी आहे तोंवर तेलाची उष्णता पाण्याच्या उकळीच्या फार वर जात नाहीं. पाणी संपलें कीं ती झपाट्यानें चढते व थोड्याच वेळांत कल्क जळून तेल काळें व कडवट होतें. तडतड होते ती उरलेल्या पाण्याची. पाणी राहिलें तर तेल लवकर नासतें. पाणी गेल्यावर उशीर झाला तर तें करपतें. म्हणून शेवटच्या अर्ध्या तासांत कढईपासून हलूं नये, व लहान मुलांस जवळ येऊं देऊं नये.

तेल कोमट असतां स्वच्छ कोरड्या फडक्यांतून गाळावें. कापूर घालावयाचा असल्यास कढई विस्तवावरून पूर्णपणें दूर नेऊन, तेल कोमट झाल्यावर, २० ग्रॅम कापूर चुरून मिसळावा. तापलेल्या तेलांत टाकल्यास कापूर उडून जातो, आणि विस्तवाजवळ पेट घेतो. तेल कोरड्या कांचेच्या बाटलींत भरून तीवर नांव, तारीख व "फक्त बाहेरून लावण्यासाठीं" असें लिहून ती मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावी.

लावण्याची रीत

दिवसाचें काम संपल्यावर, न्हाण्यापूर्वीं लावावें. तेलाची वाटी गरम पाण्यांत ठेवून तें कोमट करावें. विस्तवावर कढवूं नये. प्रथम थोडें तेल हाताच्या आंतल्या बाजूस लावून पाहावें, व दुसऱ्या दिवसापर्यंत खाज किंवा पुरळ न आल्यास मग वापरावें. हातापायांस चोळतांना हात हृदयाच्या दिशेनें न्यावा. सांध्यावर गोल फिरवावा. पाठीच्या मणक्यावर जोर न देतां त्याच्या दोन्हीं बाजूंस चोळावें. दहा ते पंधरा मिनिटें पुरेत. चोळण्यानें कळ वाढत असेल तर थांबावें. नंतर गरम पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें शेकून मग न्हावें. दुसरे दिवशीं अगदीं पडून न राहतां हलकें काम करावें. हालचालीनें शीण लवकर निघतो. तेलकट तळव्यांनीं विळा, कोयता वा कुऱ्हाड धरूं नये.

जखम, खरचटलेली अथवा उतलेली कातडी, व डोळ्यांचा भाग येथें औषधी तेल लावूं नये. मुरगळलेल्या सांध्यास पहिले दोन दिवस चोळूं नये व शेकूं नये. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवून तो उंचावर व विसांव्यांत ठेवावा. गरम तेल त्या वेळीं सूज वाढवितें.

जपून वापरावयाचीं द्रव्यें

झाडपाल्याचें आहे म्हणून निरुपद्रवी असेल, ही समजूत घातक आहे. गंधपुऱ्याचें तेल अॅस्पिरिनच्या जातीचें आहे. शुद्ध गंधपुऱ्याच्या एका चहाच्या चमच्यांत, म्हणजे ५ मिलिलिटरांत, अॅस्पिरिनच्या वीसांहून अधिक गोळ्यांइतकें द्रव्य असतें; तेवढें पोटांत गेल्यास लहान मूल दगावूं शकतें. रक्त पातळ करण्याचीं औषधें घेणाऱ्यांनीं तें डॉक्टरांस विचारल्याशिवाय चोळूंहि नये. कापूर पोटांत गेल्यास मुलांस झटके येतात. तान्ह्या मुलास कापराचें तेल लावूंच नये. बिब्ब्याचें तेल कातडीवर उततें, हें बहुतेकांस ठाऊक आहे. तरी सांधेदुखीवर तें लावून फोड आणणारे अद्यापि आढळतात. विषगर्भ तेलांत धोतरा, बचनाग यांसारखीं विषारी द्रव्यें असतात. तें वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊं नये, व लावल्यावर हात साबणानें धुवावे.

मोहरीचें तेल सुटें घेऊं नये. आपल्या पडीक जमिनींत व बांधावर जो काटेरी पिवळा धोत्रा माजतो, त्याचें बीं मोहरीसारखेंच दिसतें. तें मिसळलेल्या तेलानें १९९८ सालीं दिल्लींत पाय सुजण्याची व हृदय दुर्बळ होण्याची सांथ येऊन सांठांहून अधिक माणसें दगावलीं. असें तेल खाण्यांत आलें नाहीं तरी नुसतें अंगास चोळल्यानेंहि तोच विकार झाल्याचीं उदाहरणें वैद्यकीय नोंदींत आहेत.

आठवड्याच्या बाजारांत ध्वनिक्षेपक लावून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांविषयीं इतकेंच सांगतों कीं, जिच्यावर घटकद्रव्यें, करणाराचें नांव, परवाना क्रमांक व मुदत छापलेली नाहीं, ती कितीहि स्वस्त असली तरी महाग आहे. तेलाबरोबर पोटांत घ्यावयाची पुडी देतात, ती तर मुळींच घेऊं नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें अनेकदां सांपडलें आहे. त्यानें दोन दिवस चमत्कारासारखा गुण येतो, व पुढें तोंड सुजतें, मधुमेह बळावतो आणि हाडें ठिसूळ होतात.

जेथें तेलाचें काम नाहीं

आतां या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुढील दुखण्यांस तेल चोळीत बसूं नये. लागलींच दवाखाना गांठावा.

पहिलें, पावसाळ्यांत चिखलांत काम केल्यावर ताप, डोकेदुखी, डोळे लाल, आणि विशेषतः पोटऱ्या व कंबर फार दुखणें. हा लेप्टोस्पायरोसिस असूं शकतो. उंदीर व जनावरें यांच्या लघवीनें दूषित झालेल्या पाण्यांतून पायाच्या भेगांवाटे त्याचे जंतु शिरतात. कोंकणांतील भातशेतीच्या भागांत हा रोग वारंवार आढळतो. लावणीनें पाय भरले असें समजून चार दिवस काढल्यास मूत्रपिंडें व यकृत बिघडतें. वेळीं औषध मिळाल्यास तो बरा होतो.

दुसरें, फवारणीनंतर स्नायु फडफडणें, अशक्तपणा, घाम, तोंडाला लाळ, मळमळ, दृष्टि अंधुक होणें. हा शीण नव्हे, विषबाधा होय. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना वीसांच्या सुमारास शेतकरी व मजूर प्राणास मुकले. अशा वेळीं कपडे काढून अंग साबणानें व भरपूर पाण्यानें धुवावें आणि औषधाच्या डब्यासह रोग्यास रुग्णालयांत न्यावें. फवारून आलेल्या अंगास न धुतां तेल चोळणें म्हणजे अंगावरचें विष कातडींत जिरविणें होय.

तिसरें, छातींत दाब, व कळ डाव्या हातांत किंवा जबड्यांत जाणें, दरदरून घाम येणें. चौथें, कंबरेची कळ पायांत उतरून पाय बधिर होणें, किंवा लघवीवरचा ताबा जाणें. पांचवें, एकच पोटरी सुजून गरम होणें. तींत रक्ताची गांठ असूं शकते व चोळल्यानें ती फुप्फुसांत जाऊं शकते. सहावें, भर उन्हांत पेटके येऊन भोवळ येणें. येथें तेल नव्हे, सांवली, पाणी आणि मीठसाखरेचें पाणी हवें, व शुद्ध हरपल्यास डॉक्टर.

शीण मुळांतच कमी करावा

तेल हा झालेल्या शिणावरचा उपाय आहे. शीण कमी होईल अशी कामाची मांडणी करणें हा त्याहून मोठा उपाय असून तो जमीनमालकाच्या हातीं आहे. उकिडवें बसून खुरप्यानें करावयाची निंदणी ओळींत पेरलेल्या पिकांत सायकल कोळप्यानें उभ्यानें करतां येते. पंपाचे पट्टे रुंद व गादीचे असावे. पोतें शंभर किलोचें भरूं नये. एका पुरुषानें एका वेळीं ५५ किलोहून अधिक ओझें उचलूं नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९६७ सालींच केली आहे; स्त्रियांचें ओझें त्याहून बरेंच कमी असावें, असेंहि तींत आहे. वांकण्याचें व चालण्याचें काम आळीपाळीनें द्यावें. हंगामाच्या पहिल्या दोन दिवशीं पुरा खंडवा घेऊं नये. अंग सरावलें म्हणजे तेंच काम पुढें लवकर उरकतें.

आपल्या शेतावर जे मजूर राबतात, त्यांच्या घरीं तेलाची वाटी असतेच असें नाहीं. एक किलो निर्गुंडीचीं पानें बांधावर फुकट मिळतात, आणि अर्धा लिटर तिळाच्या तेलाची किंमत कांहीं मोठी नाहीं. लावणीच्या वा तोडणीच्या आधीं प्रत्येक शेतकऱ्यानें अशी एक बाटली करून मजुरांस द्यावी. आणि ती देतांना हेंहि सांगावें कीं, अंग दुखलें तर हें लाव, पण ताप आला तर मला कळव. या दोन वाक्यांतील दुसरें वाक्य तेलाहून अधिक उपयोगाचें आहे.